माती माथ्यावर घ्या

(नाशिक येथे वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मला विषय दिला आहे तो 'हरित छत आणि पर्जन्यजल' असा. परंतु ज्यांनी मला पूर्वी ऐकले आहे ते जाणून आहेत की, विषय कोणताही असो, मी अखेरीस बागलाण-मालेगावकडच्या धाब्यावरच, म्हणजे मातीच्या सपाट छतावरच, जाऊन पोहोचतो. कायदेकानू धाब्यावर बसवण्यात आपण सर्वजण निष्णात आहोतच. आता मातीही तेथे बसवावी, एवढेच माझे मागणे आहे. (हशा)

गोदावरीचे पूर मी आपणांस सांगावेत असे नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पूर मोजणारे हे गाव 2008 चा सप्टेंबर आणि 2016 चा ऑगस्ट विसरलेले नाही. मात्र गंगापूर धरणाच्या विसर्गाने येणारा पूर निराळा आणि तासाभराच्या मुसळधार सरीने सराफ बाजारात, दहीपुलाशी तुंबणारे पाणी निराळे. पहिल्याचा जाब नदीला नि धरणाला विचारा. दुसरे पाणी बव्हंशी तुमच्याआमच्या गच्चीवरून आणि रस्त्यांवरून सरस्वती नाल्याकडे धाव घेत असते. हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे: 100 चौरस मीटरच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस झाला की 2,500 लिटर पाणी जमते, आणि सिमेंटची गच्ची त्यातले जवळजवळ सर्व काही मिनिटांत नळीच्या हवाली करून मोकळी होते. तीच गच्ची 10 सेंटिमीटर हलक्या, सच्छिद्र मातीने आच्छादलेली असली तर कोरड्या मातीत त्या सरीचा मोठा भाग मुरतो आणि उरलेला उशिराने, संथपणे उतरतो. आषाढाच्या झडीत माती तृप्त झाली म्हणजे ती फारसे अडवत नाही, केवळ विलंब लावते, हे कबूल. परंतु नाल्याच्या दृष्टीने अर्ध्या तासाचा विलंब हीदेखील मोठीच सवलत होय.

मुरलेले पाणी पुढे पानांवाटे वाफ होऊन जाते, आणि जाताना लिटरमागे सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. म्हणजे सात लिटर पाणी उकळीस आणायला लागते तेवढी. ही उष्णता छतावरून वजा होते, म्हणून खालची खोली निवते. हे नुसते कागदावरचे नाही: टोरांटो शहराने 2009 साली मोठ्या नव्या इमारतींवर अशी छते सक्तीची केली. अहमदाबादेस ल कोर्बूझिए यांनी बांधलेल्या साराभाईंच्या घराच्या कमानींवर माती आणि हिरवळ आहे. ते असो.

आता धाबे. भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन (लाकडी चिपा), त्यावर निंबाचा पाला, चिखलाचा थर आणि सर्वांत वर खारी माती. मृगापूर्वी गाडीभर खारी माती आणून ती पसरायची, धुमसाने ठोकायची, पन्हळी साफ करायच्या, आणि श्रावणात वर गवत माजले की मुळे थर फोडतात म्हणून ते उपटायचे, असा गावाचा वार्षिक दस्तूरच होता. उन्हाळ्यात तेथेच कुरडया वाळायच्या, मिरच्या वाळायच्या, आणि रात्री सारे बिऱ्हाड तेथेच निजायचे. धाब्याला धाबे लागून असल्यामुळे एका घरचे भांडण उजाडण्यापूर्वी साऱ्या आळीला तोंडपाठ होई, आणि सोयरिकीही तेथेच ठरत. (मागून आवाज: 'अजूनही ठरतात!') ठरोत बापड्या, माझी हरकत नाही. (हशा) परंतु येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. खाऱ्या मातीतील सोडियममुळे तिचे सूक्ष्म कण विलग होऊन छिद्रे बुजतात आणि पाणी खाली झिरपत नाही. म्हणून तर ती निवडली गेली. धाब्याने घर गार ठेवले, परंतु पाणी पन्हळीतूनच वाहू दिले. नव्या छताला दोन्ही कामे हवीत: खाली पाणी न सोडणारा थर, वर पाणी पिणारी माती.

एक चिठ्ठी आली आहे: 'किल्लारी विसरलात काय?' विसरलो नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथल्या भूकंपात माळवदांखाली, म्हणजे मराठवाड्यातल्या धाब्यांखाली, माणसे गाडली गेली, यावर वाद नाही. परंतु दोष केवळ मातीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. दगडमातीच्या त्या जाड भिंतींत आरपार बांधदगड नव्हते, आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढवून माळवदे कित्येक ठिकाणी दोन-दोन फूट जाड झाली होती. मी दहा सेंटिमीटरांविषयी बोलतो आहे, आणि तेही— (चिटणीस घड्याळ दाखवतात.) पाच मिनिटे? धाब्यावर फार वेळ रमलो, त्याचा हा दंड.

तर उरलेले भराभर सांगतो. दहा सेंटिमीटर हलकी मातीही भिजली म्हणजे दर चौरस मीटरला सव्वाशे-दीडशे किलो भरते, आणि माणसे वावरतील अशा गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चलभार साधारण तेवढाच आहे. तेव्हा जुन्या वाड्यावर किंवा गळक्या स्लॅबवर कोणी हा प्रयोग बेलाशक करू नये. जलरोधक थर, मुळे अडवणारा पडदा, निचऱ्याचा थर, गाळणीचे कापड आणि मग माती, हा क्रम मोडू नये. आपल्याकडे आठ महिने कोरडे. तेव्हा विलायती हिरवळीपेक्षा कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब बरे, आणि वैशाखात थोडे ठिबक. द्राक्षबागाईतदारांच्या गावात ठिबक मी काय शिकवावे!

पावसाळा तोंडावर आहे. यंदा माती चढवण्याची घाई नको. गच्ची कोरडी आहे तोवर संरचना अभियंत्याकडून तिची क्षमता लेखी घ्या. आणि महापालिकेने आपल्या एका तरी भक्कम इमारतीवर असे छत करून दोन पावसाळे त्याच्या पन्हळीचे पाणी मोजावे व आकडे जाहीर करावेत, अशा मागणीचा अर्ज मांडवाच्या दाराशी ठेवला आहे. जाताना त्यावर सही करून जावे, ही विनंती.