वाडा पाहावा तो तीन प्रश्न विचारून

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकरी आणि कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



आज आम्ही आपणांपुढे राजवाड्यांविषयी बोलणार आहोत. आपण म्हणाल, ज्यांच्या घराला पावसाळ्यात दोन ठिकाणी भांडी लावावी लागतात, त्यांस राजवाड्यांच्या गोष्टी काय करावयाच्या? पण आम्हांस वाटते, ही गोष्ट वाड्यात राहणारांपेक्षा आपलीच अधिक आहे. दगड आपल्या डोंगरातला, लाकूड आपल्या रानातले, दगड घडविणारा पाथरवट आपला, चुना मळणारे हात आपल्या आयाबहिणींचे. आणि पैसा? तोही पुष्कळ वेळा आपल्याच साऱ्यातून गेलेला. मग आपण वाड्यासमोर माना वर करून केवळ तोंडात बोट का घालावे? कोणताही मोठा वाडा दिसला की त्यास तीन प्रश्न विचारावे. पैसा कोणाचा? हात कोणाचे? आणि दार कोणास उघडे?

किल्ला म्हणजे काय हे जुन्नरकरांस शिकवावयास नको. शिवनेरी रोज डोळ्यांसमोर उभा आहे. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म तेथे झाला. त्या गडावर एकामागून एक सात दरवाजे आहेत, धान्याचे अंबारखाने आहेत, आणि कातळात खोदलेली गंगा-जमुना ही पाण्याची टाकी आहेत. दाणा, पाणी आणि बंदोबस्त, या तीन गोष्टींसाठी तेथला दगड दगडावर चढला. तो चढविताना वेठीचा घाम गळला नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण तेथला बुरूज कामाचा होता, मिरविण्याचा नव्हता.

पुढे तोफा मोठ्या झाल्या आणि किल्ल्यांचे काम सरले. १८१८ साली शिवनेरीही इंग्रजांच्या हाती गेला. खरे पाहता येथे बुरुजांची गोष्ट संपावयास हवी होती. पण झाले उलटेच. लढाईचा बुरूज गेला आणि ऐटीचा बुरूज आला. जगभर श्रीमंतांनी किल्ल्यासारखी दिसणारी घरे बांधावयास प्रारंभ केला. जर्मनीतील बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ साली डोंगरावर नॉयश्वानस्टाइन नावाचा मोठा वाडा बांधावयास घेतला. उंच मनोरे, टोकदार शिखरे, सर्व थाट किल्ल्याचा. पण शत्रू कोणीच नाही. कर्जात बुडालेला तो राजा १८८६ साली मरण पावला, तेव्हा वाडा पुरा झालाही नव्हता. त्याच वर्षी पैसे घेऊन तो लोकांस दाखविण्यात येऊ लागला. ज्यात राजाला सुखाने राहावयास मिळाले नाही, त्यात प्रेक्षक फिरू लागले!

आता आपल्या जिल्ह्याकडे या. त्याच सुमारास पुण्याजवळ गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांसाठी असाच वाडा उठत होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा खेळू लागला. त्या भरात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६४ साली, गणेशखिंडीच्या वाड्याचे काम सुरू झाले आणि १८७१ साली ते पुरे झाले. दुरून दिसणारा उंच मनोरा, दरबाराचे प्रशस्त दालन, भोवती बागा. खर्च पंधरा लाख रुपयांच्याही वर गेला. तो इतका वाढला की विलायतच्या पार्लमेंटात या उधळपट्टीवर टीका झाली.

हा झाला वाडा. आता त्याच वर्षांत रयतेच्या घरी काय चालले होते ते पाहा. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध थांबले आणि कापसाचा भाव कोसळला. तेजीच्या दिवसांत काढलेले कर्ज मात्र कोसळले नाही. त्यातच १८६७ पासून सरकारने पुणे जिल्ह्यात साऱ्याची नवी आकारणी सुरू केली. इंदापूर तालुक्यात सारा सुमारे दीडपट झाला. शेतकरी सारा भरण्यासाठी सावकाराकडे गेला आणि सावकाराच्या खतावर अंगठा उठवून परत आला. १८७३ पासून आपल्या आंबेगावच्या डोंगरातला होन्या भागोजी केंगले हा महादेव कोळी वीर सावकारांच्या वह्यांवर तुटून पडला. सरकारने त्याच्यावर एक हजार रुपयांचे इनाम लाविले आणि १८७६ साली त्यास पकडिले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते काढून जाळिली. पाठोपाठ १८७६-७७ चा मोठा दुष्काळ आला.

गणेशखिंडीच्या मनोऱ्यामुळे दुष्काळ पडला असे आम्ही म्हणत नाही. पाऊस काही मनोऱ्यास विचारून पडत नाही. परंतु ज्या सरकारास एका घरासाठी पंधरा लाख सापडले, त्यास साऱ्यात सूट द्यावयाची म्हटली की हात आखडावा लागे, हे विसरता कामा नये. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडिले की, सरकारचे उत्पन्न रयतेच्या श्रमातून येते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात आले.

आता दुसरा प्रश्न, हात कोणाचे? येथे कोणी म्हणेल, "वाडे बांधिले म्हणून तर गवंडी-सुतारांस काम मिळाले." खरे आहे, आणि आम्ही बांधकामाचे वैरी नाही. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणासाठी त्यांनी दगड पुरविला. दगडाचे वजन, चुन्याची प्रत आणि अंमलदाराचा हात कोठे ओला होतो, हे सर्व त्यांस अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्या सत्यशोधक स्नेहमंडळींत मुंबईचे व्यंकू बाळाजी कालेवार हे तेलुगू ठेकेदार होते. मुंबई महापालिकेची जी भव्य, घुमटाची इमारत बोरीबंदरासमोर उभी आहे, तिचे ठेकेदार हेच. १८८९ साली काम लागले आणि १८९३ साली ते पुरे झाले. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये होती. प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये झाला. म्हणजे लोकांचे ६८,११३ रुपये वाचले. गव्हर्नरसाहेबांचे घर अंदाजाबाहेर गेले आणि कष्टकरी जातीच्या ठेकेदाराने बांधलेले लोकांचे घर अंदाजाच्या आत बसले. अक्कल आणि सचोटी कोणाच्या घरची मिरास नाही, याला आणखी कोणता दाखला हवा?

तरीही वाड्यांच्या दारांवर नावे असतात ती मालकांची आणि साहेबांची. पाथरवटाचे नाव क्वचितच. ही रीत सनातन आहे असे समजू नका. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. त्यांतील शिलालेख वाचा. धान्य विकणारांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची टाकी दान दिल्याचे तेथे कोरलेले आहे. वेळूकाम करणारांच्या आणि कांसारांच्या श्रेणींचीही नोंद आहे. बुरूड आणि कांसार यांचे धंदे राजांच्या जोडीने दगडावर कोरले गेले, तो हा आपला मुलूख! मग पुढे आमचे नाव कोणी पुसले, आणि आम्ही ते पुसू कसे दिले, याचा विचार आपणच करावयाचा आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा, दार कोणास उघडे? यासाठी पुन्हा गणेशखिंडीस चला. साल १८९७. पुण्यात प्लेगाने थैमान घातले होते. सावित्रीबाई फुले प्लेगाच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. ती करता करताच त्यांस प्लेग झाला आणि १० मार्च रोजी त्या वारल्या. पुढे साडेतीन महिन्यांच्या आत, २२ जून रोजी, गणेशखिंडीच्या वाड्यात राणीच्या राज्याच्या साठाव्या वर्षाचा सोहळा झाला. त्या रात्री तेथून परतताना रँड साहेबावर गोळी झाडली गेली, हे शाळेतल्या पोरासही पाठ असते. पण त्याच वर्षी मार्चमध्ये रोग्याची सेवा करताना मेलेली बाई किती जणांस आठवत होती? वाड्यात दिवे लागले होते, आणि जिने १८४८ साली भिडे यांच्या वाड्यात मुलींस अक्षरे शिकविली, तिची चिता विझून गेली होती.

पण काळाचा न्याय पाहा. इंग्रज गेले. १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले आणि गव्हर्नरांचा तो वाडा विद्यापीठाची मुख्य इमारत झाला. २०१४ साली त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या दारात आपल्या आजोबा-पणजोबांस पायरीवरही उभे राहू दिले नसते, त्या दारातून आज ओतूरच्या माळ्याची, घोडेगावच्या सुताराची, भीमाशंकराच्या रानातल्या महादेव कोळ्याची लेक पुस्तके घेऊन आत जाऊ शकते. दगड तेच, मनोरा तोच. दार उघडले म्हणून वाड्याचे पाप काहीसे फिटले.

आता बंधूंनो, थोडे कडू बोलतो, राग मानू नका. परक्यांच्या वाड्यांचा हिशेब मागताना आपल्या दारातला हिशेब चुकवून चालणार नाही. मंचरपासून नारायणगावापर्यंतच्या रस्त्याने लग्नसराईत जाऊन पाहा. मंगल कार्यालयांपुढे किल्ल्यांचे दरवाजे उभे राहतात. बुरूज, कमानी, हत्ती, सर्व फळ्यांचे आणि थर्माकोलचे. नवरा-नवरी त्यातून एकदा आत जातात आणि दुसऱ्या दिवशी तो किल्ला टेम्पोत भरून दुसऱ्या लग्नास जातो. किल्ला गेला, पण त्याचे कर्ज कोठे गेले? ते घरीच राहिले. टोमॅटोस एका वर्षी भाव आला म्हणून बुरुजाचा बंगला काढिला, आणि दुसऱ्या वर्षी माल रस्त्यावर ओतावा लागला, असे घडत नाही काय? तेजीच्या भरात बांधणे आणि मंदीत फेडणे, ही गव्हर्नरसाहेबांची चूक. त्यांची चूक रयतेने फेडली. आपली कोण फेडणार? बहुतकरून घरातली थोरली मुलगी. तिचीच शाळा प्रथम सुटते.

२५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च पानसुपारीपुरता. तोही सावित्रीबाईंनी सोसला. पुढे आपल्या ओतूरच्या मंडळींनी तीच वाट धरिली आणि तीपायी कोर्टकज्जेही सोसले. पुरोहिताची दक्षिणा वाचविण्यासाठी ज्यांच्या वडिलांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांनी आज थर्माकोलच्या दरवाजास त्याहून शतपट दक्षिणा द्यावी, हे कोणास शोभते?

घर बांधू नका असे आम्ही सांगत नाही. पक्के बांधा, हवेशीर बांधा, पाऊस लागणार नाही असे बांधा. पण पाया खणण्याआधी तेच तीन प्रश्न घरच्या मंडळींत बसून विचारा. पैसा आपला आहे की सावकाराचा? काम करणारास रोजची पुरती मजुरी हातावर पडते की नाही? आणि या घराच्या दारातून मुलगी शाळेस जाणार आहे की नाही? तिन्ही उत्तरे नीट आली तर खुशाल बांधा, आणि चौकटीजवळच्या एका दगडावर गवंड्याचे नाव कोरा. उत्तरे नीट आली नाहीत, तर बुरूज राहू द्या आणि त्या पैशातून मुलीची फी आधी भरा.