यज्ञातल्या पशूची बाजू

पुण्याजवळच्या वाकडहून देहूही जवळ आणि आळंदीही. मधल्या पट्ट्यात कारखाने आले, आयटी आली, तरी या दोन गावांची ओढ पंचक्रोशीत टिकून आहे. मुक्या जिवांवर दया करा, असे तिथल्या संतांनी सांगितले, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण आळंदीच्या ज्ञानदेवांनी यावर वाद घातला तो खाटकाशी नव्हे, धर्म पाळणाऱ्या माणसाशी.

1290 साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय उघडावा. गीतेत ‘अहिंसा’ हा एवढासा शब्द. ज्ञानदेव त्यावर शंभराहून अधिक ओव्या खर्चतात. सुरुवातच चिमट्याने होते. पाऊस पडून जीव जगावेत म्हणून याग करायचा आणि त्यात पशू मारायचा, ही कसली अहिंसा? फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालावे, तसला हा प्रकार. वैद्यकही सुटत नाही: एकाला वाचवायला दुसऱ्याची मुळे उपटायची, साली सोलायच्या! शास्त्र्यांना हे सुनावणारा मुलगा परंपरेप्रमाणे जेमतेम पंधरा वर्षांचा होता.

मग सूर मवाळ होतो. ज्याला खरेच कळले तो पाऊलही भुंगा कमळावर उतरतो तसे टाकतो, कारण कणाकणात बारीक जीव असतील याची त्याला धास्ती असते.

महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त इतका ऊहापोह नाही. कुत्र्यांच्या तावडीतून पळालेला ससा पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो, पाठोपाठ पारधी येऊन तो मागतात. स्वामी देत नाहीत. आसऱ्याला आलेल्याला सोडायचे नाही, हा नियम माणसांपुरता नाही, एवढेच.

देहूच्या तुकोबांची गोष्ट मात्र अडचणीची. महिपतींनी अठराव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात ती येते. शेत राखायला बसवलेले तुकोबा पाखरांना हाकलतच नाहीत आणि मालक गावापुढे तक्रार नेतो. पुढे चमत्काराने पीक भरून येते. तो बाजूला ठेवला तर मालकाचा राग अगदी खरा वाटतो. दया तुकोबांची, दाणे त्याचे!

गाडगेबाबांनी दयेचा तो खर्च स्वतःच्या घरातून सोसला. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत देण्याची रीत होती. त्यांनी ती मोडून गोडाचे जेवण घातले. पुढे देवाला बकरे, कोंबडे कापण्याविरुद्ध ते गावोगावच्या कीर्तनांत बोलत राहिले.