लोहाची गोळी आणि सिप्रो
(चाकण परिसरातील कामगार स्त्रियांच्या आरोग्य-बैठकीतील भाषण)



प्रतिजैविकांशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पण इथल्याच बाईला तिच्या हातातली गोळी काय करते, हे कुणी सांगत नाही. म्हणून आज सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गोळ्यांबद्दल बोलू. लघवीची जळजळ, जुलाब यांवर अनेकदा याच दिल्या जातात.

पेनिसिलिन जंतूची भिंत नीट बांधू देत नाही. या गोळ्यांचं औषध थेट आत शिरतं. जंतूचा डीएनए म्हणजे पीळ बसलेला लांब दोरा. एक एन्झाइम तो कापून पीळ सोडवतं आणि पुन्हा जोडतं. औषध त्याला कापलेल्या जागीच अडकवून ठेवतं. दोरा तुटलेला राहतो, जंतू मरतो.

आता आपली अडचण बघा. रक्त कमी म्हणून लोहाची गोळी, हाडांसाठी कॅल्शियम, पित्तासाठी अँटासिड. यांतल्या धातूंना हे औषध पोटातच चिकटतं आणि रक्तात पुरेसं पोचत नाही. दुखणं हटत नाही, उलट चिवट जंतू मागे उरतात. म्हणून सिप्रो या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावी. नुसत्या दुधा-दह्याबरोबर नको.

पाठदुखीवरची टिझानिडिन सिप्रोबरोबर कधीच नको. रक्तदाब एकदम उतरतो. दम्याची थिओफिलिन रक्तात साठते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर घसरू शकते. स्टिरॉइडबरोबर टाचेमागची जाड शीर तुटण्याचा धोका वाढतो. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. खोकल्यावर परस्पर ही गोळी घेतली, तर क्षयरोग झाकला जाऊन निदान लांबतं.

साध्या मूत्रसंसर्गाला दुसरा उपाय असेल तर ही औषधं देऊ नयेत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्येच बजावलं.

आणि हा संसर्ग पुन्हा पुन्हा का होतो? लाइन सोडता येत नाही, म्हणून आपण पाणी कमी पितो, लघवी दाबून धरतो. स्त्रियांसाठी वेगळी स्वच्छतागृहं १९४८ च्या कारखाना कायद्यानेच बंधनकारक केली होती. तेव्हा डॉक्टरांपुढे आपल्या सगळ्या गोळ्या ठेवू या, आणि सुपरवायझरपुढे लघवीला जाण्याची मागणी. दोन्हीकडे लाजायचं नाही.