घरातल्या पुरुषाचे न बोललेले दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्धापनदिनी या व्यासपीठावरून कोणी बालसंगोपनावर बोलते, कोणी आहारावर. मी उभी राहते ती बहुधा मंडळाचा हिशेब वाचण्यापुरतीच. या वेळी चिटणीसबाईंनी भाषणाचा विषय विचारला आणि माझे उत्तर ऐकून त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "बोला, पण जरा जपून." जपूनच बोलणार आहे, परंतु आडपडदा ठेवणार नाही. आडपडद्यापायीच आमच्या घराने चार महिने वाया घालवले, आणि पुढे मी माझ्या मुलाला व सुनेला विनाकारण बोल लावला. त्या दोघांच्या संमतीनेच मी हे सांगत आहे.

माझा धाकटा मुलगा तेव्हा २९ वर्षांचा होता. लग्नाला वर्षही झाले नव्हते. आंघोळ करताना त्याच्या हाताला एका वृषणावर कठीण गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून दुर्लक्ष झाले. आणि असल्या जागेची गोष्ट सांगायची कोणाला, म्हणून लपवली गेली. शेवटी सुनेने ओढून डॉक्टरांकडे नेले, तेव्हा कर्करोग निघाला.

हा रोग म्हाताऱ्यांचा नव्हे, तरुणांचा आहे. साधारण १५ ते ४० या वयात तो अधिक आढळतो. पण भगिनींनो, तो बरा होणाऱ्या कर्करोगांत अगदी वरच्या ओळीत बसतो. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये सिस्प्लॅटिन हे औषध इतर दोन औषधांबरोबर देऊन पाहिले, आणि हाताबाहेर गेलेले रोगीही बरे होऊ लागले. आपला क्रिकेटपटू युवराज सिंग याच्या छातीत याच जातीची गाठ होती. तो २०१२ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली उपचार घेऊन परतला आणि पुन्हा मैदानात उतरला. तेव्हा रोगाचे नाव ऐकून घरात रडारड करण्याचे कारण नाही. उशीर मात्र करू नये.

शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी एक गोष्ट सुचविली: वीर्य गोठवून ठेवा. मला ते ऐकून लाज वाटली आणि रागही आला. मुलाच्या जिवावर बेतलेले, आणि यांना हे काय सुचते! मी स्पष्ट नको म्हटले. सून माझ्यासमोर कधी वर मान करून बोललेली नव्हती, त्या दिवशी ती म्हणाली, "आई, हे आमचं आम्ही ठरवू." तिने ठरविले, आणि बरोबर ठरविले. ते वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, वर्षानुवर्षे टिकते. त्या दिवशी माझे ऐकले असते, तर आज माझ्या मांडीवर नात नसती.

एक वृषण काढले, केमोथेरपी झाली, केस गेले आणि पुन्हा आले. सर्वांनी पेढे वाटले. आता खरा विषय येथून सुरू होतो.

दीड-दोन वर्षांनी मुलगा बदलला. कामावरून आला की पडून राही. पोट सुटले, दंड बारीक झाले, कशातच उत्साह नाही. बसल्या बसल्या अंगातून उष्णतेचा झोत जाई आणि मानेला घाम फुटे. मी म्हणे, "आजाराचे कौतुक किती दिवस करायचे? आळस अंगात मुरला आहे." सुनेचा चेहरा उतरलेला दिसे, तेव्हा मी तिलाच दोष देई, की हिला नवऱ्याला खुलवता येत नाही. दोघे मुकाट्याने ऐकून घेत.

मैत्रिणींनो, ते उष्णतेचे झोत आपण साऱ्याजणी ओळखतो. पाळी जाताना आपल्याला येतात ते तेच. आपल्या शरीरातील स्त्री-संप्रेरक कमी होते म्हणून आपल्याला येतात. त्याचे पुरुष-संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, कमी झाले होते म्हणून त्याला येत होते. मी स्वतः त्यातून गेलेली बाई, पण मुलाच्या बाबतीत ते माझ्या ध्यानात आले नाही.

एक वृषण गेले तरी दुसरे बहुतेकांना पुरते. पण काहींचे उरलेले वृषण मुळात दुबळे असते, किंवा औषधांनी दमते. दोन्ही काढावी लागली, तर संप्रेरक बाहेरून जन्मभर घ्यावेच लागते. ते न घेतल्यास नुसता उत्साह जात नाही. हाडे विरळ होतात, रक्त कमी होते. परीक्षा सोपी आहे: सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे, कारण हे संप्रेरक सकाळी सर्वांत जास्त असते. एकदा कमी आले म्हणून भागत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून पाहतात. माझ्या मुलाचे दोन्ही वेळा फार कमी आले. मेंदूकडून वृषणाला जाणारी हाक मात्र चांगली मोठी होती; वृषणच ओ देत नव्हते.

त्याची पहिली शंका होती की याने कर्करोग परत येईल काय. डॉक्टरांनी सांगितले, हा कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसला जात नाही. प्रोस्टेटचा कर्करोग असेल तर गोष्ट निराळी. माझी शंका होती की याची सवय लागेल. त्यावर ते म्हणाले, "तुम्ही थायरॉईडची गोळी घेता ना? ती सवय आहे का? शरीर जे करीत नाही, तेवढेच आपण भरून काढतो." मी गप्प बसले.

तिसरी गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली आणि ती फार महत्त्वाची आहे. बाहेरून डबा येऊ लागला की घरची चूल विझते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदू वृषणाला हाक मारणे थांबवतो, आणि शुक्रजंतू तयार होणे जवळजवळ बंद पडते. पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनही या संप्रेरकाचे प्रयोग झालेले आहेत, ते याच गुणामुळे. ज्याला मूल हवे आहे आणि वीर्य साठविलेले नाही, त्याने हे औषध सुरू करण्यापूर्वी दहादा विचार करावा. उरलेल्या वृषणात काही धमक असेल तर त्याला जागे करणारी दुसरी इंजेक्शने असतात. ती आधी विचारावीत. व्यायामशाळेत कोणी देतो म्हणून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्या धडधाकट मुलांचीही अशीच फसगत होते, हे आपापल्या घरी जरूर सांगा.

औषध एकच, पण ते घेण्याच्या रीती अनेक. आमच्या घराने तीन पाहिल्या.

पहिली रीत जेलची. रोज सकाळी खांद्याला आणि दंडाला चोळायचे. सुई नाही, रक्तातील प्रमाण बरेचसे एकसारखे राहते, आणि नको झाले तर लगेच थांबवता येते. म्हणून डॉक्टरांनी आरंभ याने केला. महिन्या-दीड महिन्यात मुलगा माणसात आला. पण जेलची एक खोड आहे, ते दुसऱ्याच्या अंगाला लागते. लावल्यावर साबणाने हात धुवायचे, वाळल्यावर सदरा घालायचा, काही तास आंघोळ करायची नाही, आणि कोणाला जवळ घ्यायचे तर ती जागा आधी धुवायची. लहान मुलांच्या अंगाला ते वरचेवर लागून अकाली केस आणि वयात येण्याची लक्षणे दिसल्याचे आढळले, तेव्हा २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने त्यावर ठळक इशारा छापायला लावला. गरोदर बाईने तर त्यापासून दूरच राहावे, पोटातील मुलीला अपाय होऊ शकतो. आमच्या सुनेला साठविलेल्या वीर्यावरून दिवस राहिले, आणि त्याच आठवड्यात जेलची नळी घरातून गेली.

दुसरी रीत दोन-तीन आठवड्यांनी घेण्याच्या इंजेक्शनची. हे स्वस्त आहे आणि गावोगावी मिळते. यातील औषध तेलात असते; काहींत शेंगदाण्याचे तेल असते, म्हणून ज्याला शेंगदाणा सोसत नाही त्याने आधी सांगावे. याचा दोष म्हणजे भरती-ओहोटी. पहिल्या आठवड्यात मुलगा हसतखेळत असे, जरा चिडकाही होई. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मरगळ. सून दिनदर्शिकेवर खुणा करू लागली, आणि दोघांत खटके नेमके ओहोटीच्या दिवसांत उडतात हे तिच्या ध्यानात आले. तो कागद तिने डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "हा कागद रक्ताच्या तपासणीइतकाच उपयोगी आहे."

म्हणून तिसरी रीत आली: लांब पल्ल्याचे इंजेक्शन. पहिले घेतल्यावर दुसरे सहा आठवड्यांनी, आणि मग दर १० ते १४ आठवड्यांनी. हे एरंडेल तेलात असते आणि मात्रा मोठी असते, त्यामुळे कुल्ल्यात अगदी सावकाश द्यावे लागते. कधी लगेच खोकल्याची उबळ येते किंवा घाबरे होते, म्हणून जाणत्या माणसाकडूनच घ्यावे आणि नंतर अर्धा तास तेथेच बसावे. एका वेळचा खर्च जास्त, आणि एकदा दिलेले परत काढता येत नाही. पण चढउतार फारसा नाही, आणि नात बापाच्या खांद्यावर निर्धास्त झोपते. आमच्या घराला हेच मानवले.

याखेरीज पोटात घेण्याची कॅप्सूल आहे. ती तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबरच अंगी लागते, तेव्हा उपासतापास करणाऱ्याचे तिच्याशी जमत नाही. पट्ट्या आहेत, पण त्यांनी पुष्कळांची कातडी खाजते.

रीत कोणतीही असो, देखरेख सुटत नाही. या औषधाने रक्त दाट होऊ शकते. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेले तर औषध थांबवतात किंवा कमी करतात. वयपरत्वे प्रोस्टेटची तपासणी, गरजेप्रमाणे हाडांची तपासणी, आणि मूळ कर्करोगाच्या फेऱ्या चालूच ठेवाव्या लागतात. घोरणे फार वाढले तर तेही सांगावे.

मला पुष्कळजणी विचारतात, "यातले चांगले कोणते?" असे एक चांगले नाहीच. घरात तान्हे मूल आहे की नाही, मूल व्हायचे आहे की नाही, रोज आठवणीने लावणारा माणूस आहे की विसराळू, नोकरी फिरतीची आहे का, पैसा किती, हे पाहून ठरवायचे. ही माहिती डॉक्टरांच्या पुस्तकात नसते, ती घरात असते. नवराबायकोंनी बरोबर जावे, आणि दोघांनी बोलावे.

आयांना एक विनंती. तान्ह्या मुलाचे वृषण खाली उतरलेले नसेल तर "उतरेल पुढे" म्हणून बसू नका. सहा महिन्यांत उतरले नाही तर डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया करायची झाल्यास ती वर्ष-दीड वर्षाच्या आत करतात. न उतरलेल्या वृषणात पुढे कर्करोगाचा संभव अधिक असतो. आणि मुलगे मोठे झाले की त्यांना एवढे सांगा: ऊन पाण्याच्या आंघोळीनंतर महिन्यातून एकदा हाताने चाचपून पाहा, गाठ वाटली तर लाजू नका. आईला सांगता येत नसेल तर बापाला सांगा, पण सांगा.

राहता राहिले माझे. ज्या दिवशी रक्ताचा कागद आला, त्या रात्री मी सुनेच्या खोलीत जाऊन तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "आई, तुम्हाला तरी कोणी सांगितलं होतं?" तिचे ते वाक्य मनात घर करून राहिले. मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून मी आज तुम्हाला सांगितले. एखादा मुलगा, भाऊ, जावई आजारातून उठल्यावरही खचलेला दिसला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी सकाळचे रक्त तपासून घ्या. आणि त्याच्या बायकोला बोल लावण्याआधी माझी आठवण करा.