उष्णमान आणि विजेचा गज

कापड मोजावयाचा गजच उन्हांत आखडूं आणि थंडींत वाढूं लागला, तर गिऱ्हाइकानें विश्वास कशावर ठेवावा? एकोणिसाव्या शतकांत विजेचा दाब मोजणारांपुढें नेमका हाच पेंच उभा राहिला. इतर घटांचा दाब ज्याच्याशीं ताडून पाहावयाचा, तो प्रमाणघटच उष्णमानाबरोबर बदलत होता.

लॅटिमर क्लार्क या इंग्रज अभियंत्यानें १८७० नंतरच्या दशकांत जस्त, पारा व त्यांचीं सल्फेटें घेऊन एक घट सिद्ध केला. १५ अंश सेंटिग्रेडवर त्याचा दाब सुमारें १.४३ व्होल्ट भरे. १८९४ सालीं अमेरिकेनें कायद्यानें व्होल्टचें माप याच घटाशीं जोडलें. परंतु उष्णमान एका अंशानें चढलें कीं दाब व्होल्टच्या एक सहस्रांशाहून किंचित् अधिक उतरे. म्हणजे ३० अंशांवर शेंकडा एकाहून अधिक फरक पडे.

असें कां व्हावें? घटांतील रासायनिक क्रियेची सगळी शक्ति विजेच्याच रूपानें बाहेर पडते, असें नाहीं. वीज देतां देतां कांहीं घट भोंवतालीं उष्णता टाकतात, तर कांहीं ती तेथून ओढून घेतात. टाकणाऱ्या घटाचा दाब उष्णमान वाढतांच उतरतो, ओढणाऱ्याचा चढतो. हा संबंध अमेरिकेंतील गिब्ज व जर्मनींतील हेल्महोल्ट्झ यांनीं उलगडला. क्लार्कचा घट पहिल्या जातीचा. त्यांतच, ऊब मिळतांच जस्ताचें सल्फेट अधिक विरघळे आणि त्यास वेळ लागे; म्हणून तापमापक पाहून केलेली दुरुस्तीहि फसे.

एडवर्ड वेस्टननें जस्ताच्या जागीं कॅडमियम योजलें. त्याच्या सल्फेटाची विद्राव्यता उष्णमानानें फारशी बदलत नाहीं. २० अंशांवर या घटाचा दाब सुमारें १.०१८ व्होल्ट, आणि अंशामागें पडणारा फरक क्लार्कच्या घटाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास. १९०८ सालीं लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें हाच घट पत्करला.

तरीहि ही स्थिरता मोठी नाजूक होती. घटाच्या दोन नळ्यांतील फरक परस्परविरुद्ध असल्यामुळें ते एकमेकांस खोडून काढीत. एकच नळी तापली तर माप चुके. म्हणून असे घट तेलाच्या हौदांत समशीतोष्ण राखीत.

१९९० पासून व्होल्टचें प्रमाण जोसेफसन परिणामावरून ठरूं लागलें व घटाचा तो अधिकार संपला. त्याचा धडा मात्र कायम आहे. घटाचा दाब सांगतांना उष्णमान सांगितलें नाहीं, तर तें माप अर्धेंच राहतें.