शिवणीतील माया
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांच्या वतीने केलेले भाषण)



वसतिगृहाच्या आठवणी सांगाव्यात अशी आज्ञा कार्यवाहांनी आम्हां माजी विद्यार्थ्यांस केली. आमच्या पूर्वीच्या वक्त्यांनी गुरुजनांचे ऋण, परीक्षांचे यशापयश आणि पंगतीतील भाकरी यांविषयी यापूर्वी पुष्कळ सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती न करता आम्ही आज केवळ कपड्यांविषयी बोलणार आहो. सुई, कात्री आणि गज हीच ज्यांच्या वाडवडिलांची दौलत, त्या शिंपी समाजापुढे हा विषय अप्रस्तुत ठरणार नाही, असा आम्हांस भरवसा आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढील काळात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. त्यांत आपल्या समाजाचेही वसतिगृह होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. या थोर पुरुषांनी ओळखले होते की, खेड्यातील मुलास केवळ शाळा देऊन भागत नाही. त्यास डोक्यावर छप्पर आणि पोटास भाकरी द्यावी लागते. पुढे १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांच्या मुलांस शुल्कमाफीही मिळू लागली. पण फी माफ झाली तरी कापड माफ होत नसे. शाळेच्या उंबरठ्यावरून अनेक मुले परत फिरली, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, तर अंगावर धड सदरा नाही म्हणून.

आम्ही १९६४ सालच्या जून महिन्यात कृष्णाकाठच्या एका गावी वसतिगृहात दाखल झालो. पत्र्याच्या ट्रंकेत काय असावे याची यादी अगोदरच घरी आली होती: खाकी अर्ध्या चड्ड्या दोन, पांढरे सदरे दोन, पांढऱ्या टोप्या दोन, एक लेंगा, एक पंचा, सतरंजी आणि घोंगडी. पायांत वहाण असावी असे यादीत नव्हते आणि बहुतेकांच्या पायांत ती नव्हतीही. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. मातीत बसणाऱ्या आणि मातीत खेळणाऱ्या मुलांसाठी त्याहून सोयीचा रंग कोणता? शिवाय खाकी ड्रिलची वीण तिरकी आणि घट्ट. ते कापड दोन वर्षे सहज टिके आणि थोरल्याचे धाकट्यास येई.

कापड आणले की आमचे वडील ते प्रथम रात्रभर पाण्यात भिजत घालीत; न भिजविता बेतलेले सुती कापड पहिल्या धुण्यातच आटते. मग माप घेत आणि मागच्या शिवणीत दीड इंच कापड जास्त सोडीत, पायाशी चार बोटे दुमड ठेवीत. या राखलेल्या कापडास आपल्या धंद्यात ‘माया’ म्हणतात, हे आपणांस सांगावयास नको. मूल वाढणार आहे हे धरून चालणारी ती माया! दर वर्षी शिवण उसवून चड्डी सैल करावी, दुमड उकलावी. उकललेल्या भागाचा रंग न विटलेला असल्याने तेथे गडद पट्टा दिसे. त्या पट्ट्यांवरून मुलगा वसतिगृहात किती वर्षे आहे हे कोणीही सांगावे.

कपड्यांचे जोड दोनच असल्याने एक अंगावर आणि एक दोरीवर, असा क्रम चाले. रविवारी नदीवर धुणे असे. सदऱ्यास नीळ अधिक झाली तर सोमवारी वर्गात हशा होई. इस्त्री कोठली? पितळी तांब्यात निखारे घालावेत, त्याचा बुडाचा भाग सदऱ्यावरून फिरवावा. चड्डी घडी घालून रात्री सतरंजीखाली ठेवावी. पावसाळ्यात मात्र काही केल्या कपडे वाळत नसत. मग ते चुलीच्या वर टांगीत आणि आम्ही सारे धुराचा वास घेऊन वर्गात जात असू.

आता जे सांगावयाचे त्यासाठीच आम्ही उभे राहिलो आहो. आमच्यापैकी सुमारे निम्म्या मुलांस दात्यांच्या निधीतून गणवेश मिळे. देणाऱ्यांचा हेतू पवित्र होता. परंतु ते कापड वेगळ्या ताग्यातले, रंगाने किंचित पिवळट असे आणि ते वार्षिक समारंभात व्यासपीठावर बोलावून, नाव, गाव व बापाचा धंदा वाचून दिले जाई. त्यानंतर वर्षभर ती पिवळट खाकी त्या मुलाची ओळख होऊन बसे. ज्यांचे कपडे घरून येत ते आम्ही त्यांस ‘ताग्यातले’ म्हणत असू. शिंप्यांचीच मुले आम्ही, शिंप्यांच्याच मुलांस कापडावरून हिणवीत होतो! एक मुलगा नवी चड्डी ट्रंकेत ठेवून जुनी ठिगळाची, तीही ओली, घालून शाळेत जाई. विचारले तर म्हणे, ‘‘ही माझ्या आईनं शिवली आहे.’’ त्यास थंडीतापाने गाठले, तेव्हा कोठे आमची जीभ आवरली. आज साठ वर्षांनी त्या अपराधाची जाहीर कबुली देताना आम्हांस संकोच वाटत नाही. तो तेव्हा वाटावयास हवा होता.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कौले खडखडली आणि आम्ही जसे होतो तसे अंगणात धावलो. कोणाच्या अंगावर घोंगडी, कोणाच्या पंचा, कोणी नुसताच उघडा. उजाडेपर्यंत एकेका घोंगडीखाली तीनतीन मुले बसली होती. त्या अंधारात निधीचा कोण आणि घरचा कोण हे ओळखू येत नव्हते. गृहपतींनी ते पाहिले. पुढील जूनपासून त्यांनी सर्वांचे कापड एकाच ताग्यातून आणविले, सर्वांची मापे एकाच रांगेत घेतली आणि ज्यास पैसे देणे शक्य असेल त्याच्या पालकांनी ते कचेरीत मुकाट्याने द्यावेत असे ठरविले. कोणी दिले, कोणी दिले नाहीत, हे आम्हांस अखेरपर्यंत कळले नाही. ‘ताग्यातला’ हा शब्द त्या वर्षीच वसतिगृहातून नाहीसा झाला. कारण आता आम्ही सारेच एका ताग्यातले होतो.

बंधुभगिनींनो, आज काळ पालटला आहे. सुताच्या जागी न चुरगळणारे मिश्र धाग्यांचे कापड आले, गणवेश तयार मिळू लागले. पण आपल्या मेळाव्यात मुलांस व्यासपीठावर उभे करून गणवेश देण्याची आणि त्यांची छायाचित्रे नावांसह स्मरणिकेत छापण्याची प्रथा चालूच आहे. छायाचित्रातील देणारे हसतात. घेणाऱ्या मुलाची मान कोठे झुकलेली असते, ते एकवार निरखून पाहावे.

म्हणून आमची मंडळास नम्र विनंती आहे. दात्यांची नावे अवश्य छापावीत. घेणाऱ्यांची छापू नयेत. गणवेश मेळाव्यात न देता शाळा उघडण्यापूर्वी घरपोच द्यावेत. ते अंदाजाने न आणता मुलामुलींची मापे घेऊन शिववावेत आणि ते काम समाजातील शिवणकाम करणाऱ्या भगिनींस योग्य मजुरीवर द्यावे. येत्या वर्षाची शिलाई आम्ही माजी विद्यार्थी सोसू; मात्र आमचीही नावे एकत्र, ‘माजी विद्यार्थी’ एवढीच छापावीत.

शिवणारास एकच सांगणे: मापाहून थोडे अधिक कापड आत राहू द्यावे. बाहेरून दिसत नाही, पण वाढत्या मुलास पुरते, तीच खरी माया.