पाना कोणाच्या हाती?



इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी परदेशी जाऊन गोरगरिबांसाठी करावयाच्या सेवेविषयी आम्ही बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण यंत्रांपाशी आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु यंत्र बसवणारा निघून गेल्यावर ते चालते कोण ठेवतो, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे.

प्रथम या कार्याचा गौरव केला पाहिजे. मध्य अमेरिकेत बेलीझ नावाचा चिमुकला देश आहे. तेथील सान पाब्लो या खेड्यात २००० साली कोलोरॅडो विद्यापीठातले प्राध्यापक बर्नार्ड अमाडेई गेले. गावात ना वीज, ना नळ. लहान मुली पाणी वाहण्यात गुंतलेल्या, म्हणून शाळेला पारख्या. पुढल्या वर्षी प्राध्यापकमहाशय आठ विद्यार्थी घेऊन परतले आणि धबधब्याच्या जोरावर चालणारी पाणीयोजना त्यांनी उभी केली. त्यातूनच २००२ साली ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ ही अमेरिकेतील संस्था निघाली.

पण एवढ्यावर टाळ्या वाजवून भागत नाही. कॅनडातही याच नावाची संस्था दोन तरुण इंजिनिअरांनी २००० साली काढली होती. तिच्या एका कार्यकर्त्याने २०११ साली जाहीर भाषणात आफ्रिकेतील मलावीची हकीकत सांगितली. कॅनडाच्या सरकारी मदतीने बसवलेल्या ११३ नळांपैकी ८१ बंद! शेजारीच अमेरिकनांनी दहाएक वर्षांपूर्वी बांधलेली तशीच योजना, तीही बंद! नळ बांधायला पैसा होता. ते दुरुस्त ठेवण्याची तजवीज नव्हती. हीच कॅनडातील संस्था २००८ पासून स्वतःच्या फसलेल्या कामांचा अहवाल छापू लागली. अशी हिंमत किती संस्थांना होते, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

ही दूरदेशची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही दुष्काळी गावांत पूर्वी बोअरवर बिडाचे हातपंप बसले. ते मुळात एका शेतकरी कुटुंबाच्या वापरासाठी आखलेले. येथे अख्खे गाव दिवसभर दांडा हाणणार! ते भराभर मोडत. मग जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कामातील माणसांनी दणकट पंप घडवले. सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साह्याने ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतही गेला. तरी एक उणीव राहिलीच. आतला भाग काढायला बाहेरून गाडी आणि माणसे यावी लागत. म्हणून ‘मार्क थ्री’मध्ये गावातल्या माणसाला थोडक्या हत्यारांनी दुरुस्ती करता यावी, अशी सोय केली. शहाणपण असे दांडा हाणणाऱ्या हातांकडे पाहून येते.

आता मजुरीचा सवाल. विद्यार्थी दोन-तीन आठवडे विनामूल्य राबतो, हे चांगलेच. पण चर खणणे, सिमेंट कालवणे गावच्या गवंड्याला येते. त्याचा रोजगार बुडवून सेवा होत नाही. विद्यार्थ्याने आपल्या विद्येचे काम करावे : मोजणी, आराखडा, हिशेब. आणि गावातला एक माणूस तयार करावा. ती बाई का नसावी? पाणी तर तीच वाहते! तिच्या हाती पाना, जवळच्या बाजारात वायसर आणि महिन्याला ठरलेली मजुरी, एवढे झाले म्हणजे योजना पुरी झाली. अमेरिकेतील ती संस्था आपल्या शाखांकडून गावाशी किमान पाच वर्षांचे नाते मागते, ते उगीच नव्हे.

या सभेत जी मुले-मुली इंजिनिअरिंगला आहेत, त्यांनी परदेशी जरूर जावे. मात्र जाण्यापूर्वी खर्चाच्या कागदावर एक ओळ लिहावी : आम्ही परतल्यावर दुरुस्ती करणाराची मजुरी. ती रक्कम कोठून यायची, याचे उत्तर गावकऱ्यांसमवेत बसून सापडत नसेल, तर विमानाचे तिकीट काढू नये. हाताला दाम मिळाले तरच यंत्र चालते, हे आम्ही उभा जन्म पाहत आलो आहोत.